तळहातांवर बसवलेली मुलं

सोलापुरातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी मी दिली होती. पान तीन, चार परिच्छेद. एका मुलाने 'नमस्कार' म्हटलं, दुसऱ्याने 'आई' म्हटलं, टाळ्या झाल्या, प्रमुख पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी मथळा दिला, 'मुक्यांना वाचा फुटली'. शाळा खाजगी होती, भाड्याच्या इमारतीत भरायची. पुढे ती बंद पडली.

ही बातमी आमच्या छापखान्यात ज्या कंपोझिटरने शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून जुळवली, तो जन्मापासून बहिरा होता. वय चाळिशीच्या पुढे. त्याच्या कामात चूक सापडत नसे, त्या दिवशीही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने प्रुफाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर लिहून माझ्यापुढे ठेवलं :

'सदर बातमी वस्तुस्थितीस धरून नाही. ती मीच जुळवली याचा खेद वाटतो.'

त्याचं मराठी असंच होतं. शाळेत तो गेलाच नव्हता. अक्षरं, शब्द, वाक्यं, सगळं त्याने आमचं दैनिक जुळवता जुळवता मिळवलं होतं. मी खाली लिहिलं, 'कशावरून?' त्याने लिहिलं, 'उद्या दुपारी समक्ष पाहावे.'

दुसऱ्या दिवशी तो मला एका यंत्रमागाच्या कारखान्यात घेऊन गेला. पत्र्याच्या शेडमध्ये बारा माग एकदम चालू होते. बाहत्तरच्या दुष्काळात वैरागजवळच्या खेड्यातून आलेला एक विणकर आम्हाला भेटला. तो बोलत होता एवढं ओठांवरून दिसलं, ऐकू काहीच आलं नाही. तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. म्हणून माग चालवणारी माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं एकमेकांपासून तोडली की धागा तुटला. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. वरच्या ओठावर बोट फिरवलं की मालक आला. तब्येत, लग्न, सिनेमा, शिव्या, सगळं चालतं. यातला एकही माणूस बहिरा नव्हता. नवा कामगार आठवड्यात हे शिकतो. हातांनी बोललास तर तोंडाने बोलायचं विसरशील, असं त्याला कुणी सांगत नाही.

विणकराची आठ वर्षांची मुलगी डबा घेऊन आली. ती जन्मापासून बहिरी होती. ती आत शिरली तसे चार मागांवरून चार हात वर झाले. एकाने डब्यात काय आहे विचारलं. तिने सांगितलं. त्याने नाक मुरडून 'करपलंय' अशी खूण केली. तिने त्याच्या मिशीला पीळ देऊन ती उपटून फेकल्याचा अभिनय केला, आणि सगळी शेड आवाज न करता हसली. मी कोपऱ्यात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहून बापाला काहीतरी विचारलं. पुन्हा हसणं.

बाहेर आल्यावर मी बापाला विचारलं, ती काय म्हणाली.

"राग मानू नका सायेब. इचारतीया, ह्यो मानूस मुका हाय का?"

हीच मुलगी सकाळच्या वेळी माझ्या बातमीतल्या त्या शाळेत जात होती. तीन वर्षं झाली होती.

पुढच्या आठवड्यात मी परवानगी काढून वर्गात बसलो. वाचेचा तास होता. मुलं बाकावर स्वतःच्या तळहातांवर बसली होती. मी हे उपमा म्हणून लिहीत नाही. हात मांड्यांखाली, पालथे, बोटं बाकाच्या फळीवर दाबलेली. ज्याचा हात बाहेर आला त्याच्या बोटांवर लाकडी पट्टी. बाई प्रत्येकाच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरत. 'प' म्हटल्यावर ती हलली पाहिजे. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटं हे चाललं. विणकराच्या मुलीचा कागद हलला.

"तीन वर्षांत पंधरा शब्द," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना याचा अभिमान होता.

"वाचता येतं?"

"आधी बोलणं, मग वाचणं. घाई करून चालत नाही."

शाळेचा पालकांसाठी नियम होता. घरी एकही खूण करायची नाही. मुलाने काही मागितलं तर शब्द उच्चारल्याशिवाय द्यायचं नाही. हा नियम त्या घरात कसा पाळला गेला, ते मुलीच्या आईने मला सांगितलं. ती घरी विड्या वळायची. सांगताना पानं-तंबाखूचं सूप बाजूला सारून ठेवलं होतं.

आदल्या वर्षीची एप्रिलची दुपार होती. मुलगी माठासमोर उभी राहून ओंजळ तोंडाकडे नेत होती. आई पाठ करून बसली. मुलीने पदर ओढला. आईने पदर सोडवला. 'पाणी' हा शब्द त्या पंधरांत होता, पण शाळेतल्या बाईंसमोर जो यायचा तो घरी येईना. तासाभराने मुलगी शेजारणीच्या दारात गेली, ओंजळ केली आणि तांब्याभर प्यायली. आईने शेजारणीला धारेवर धरलं.

"का दिलंस गं पानी? मास्तरांनी सांगितलंय की, बोलल्याबिगर द्याचं न्हाय!"

"तुजा मास्तर येतोय व्हय पाजायला? पोर वाळून चालली आन तू हितं परीक्षा घेतीस? आई हायस का कोन हायस?"

"पंधरा दिस म्या तिच्याशी बोलले न्हाय," आई मला म्हणाली. "शेजारनीशी." मग थोडं थांबून, "ती बरोबर हुती."

त्या दिवसापासून नवरा-बायको मुलीशी मागावरच्या खुणांनी बोलू लागले. चोरून, दार लावून.

शहरातले बहिरे रविवारी स्टेशनमागच्या एका चहाच्या गाड्याजवळ जमायचे. शिंपी, सुतार, विडी कामगार बाई, दुसऱ्या कारखान्यांतले दोघे मागावरचे, आणि आमचा कंपोझिटर. त्यांची भाषा मागावरच्या खुणांपेक्षा फार मोठी होती. विणकर मुलीला तिथे नेऊ लागला. या मंडळींनी शाळेकडे आधी दोनदा भेट मागितली होती, फाटकातूनच परत पाठवलं होतं. आता बरोबर वार्ताहर आहे म्हटल्यावर भेट मिळाली. मागण्यांचा कागद कंपोझिटरने लिहिला होता. मुलांना मधल्या सुट्टीत हातांनी बोलू द्यावे. आठवड्यातून एक तास आमच्यापैकी एकाने वर्गात गोष्ट सांगावी. पालकांना घरी मनाई करू नये. इतकंच.

मुख्याध्यापकांनी मला खुर्ची दिली. सहा बहिरी माणसं आणि मुलीची आई उभी राहिली. सगळा वेळ ते माझ्याशीच बोलले.

"ह्यांना समजावून सांगा. हातवारे काय, माकडंही करतात. आम्ही ह्या मुलांना माणसांत आणतोय."

"तुम्हीच लिहून द्या त्यांना," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं नाही. कंपोझिटरने ओठांवरून वाचलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

मुख्याध्यापकांनी मुलीला बोलावून घेतलं. "म्हण, आई." ती म्हणाली. "म्हण, पाणी." म्हणाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात कंपोझिटरने मुलीला हातांनी विचारलं, काल शाळेत काय झालं? तिने दाराकडे पाहिलं, बाई नव्हत्या. मग तिचे हात सुटले ते थांबेनात. आई सांगू लागली.

"म्हनतीया, वर्गातल्या धाकटीला बाहीर जायचं हुतं. तिनं हात काढला. बाईनं पट्टी मारली. मग तिनं चड्डीत केली. मग त्याच्यासाठी आनिक मारली. तास संपंस्तोवर तशीच बसीवली."



"बघा," मुख्याध्यापक मला म्हणाले. "हेच. हेच हातवारे बंद करायचे आहेत."

हे वाक्य मी जागेवरच वहीत उतरवून घेतलं. बातमीही लिहिली. ती छापून आली नाही. शाळेच्या मंडळातले एक गृहस्थ आमच्या संपादकांकडे चहाला येत असत.

चार दिवसांनी त्या आई-बापाला शाळेतून छापील कागद आला. घरी खुणा करणार नाही, बाहेरच्या बहिऱ्यांकडे मुलीला नेणार नाही, असं लिहून द्या, नाहीतर मुलीला काढून न्या. बाप सही करायला निघाला होता.

"शिकंल तरी," तो म्हणाला.

"काय शिकंल? पानी मागाया?" आईने विचारलं.

सही झाली नाही. शाळेने दाखला दिला. आईला वाचता येत नव्हतं. ती तो घेऊन महापालिकेच्या शाळेत गेली. तिथल्या बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. "अशा मुलांना इथे घेत नाही." कशा मुलांना, ते सांगितलं नाही. संध्याकाळी कंपोझिटरने वाचलं. शाळा सोडण्याचं कारण : 'मतिमंद. शिकण्यास अपात्र.'

दाखला बदलून मिळावा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती सहा माणसं शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिली; मुलगी, तिची आई आणि मीही होतो. कंपोझिटरने रजा टाकली होती. बहिऱ्यांचा मोर्चा म्हणून रस्त्यावरची माणसं हसून गेली. घोषणा कोण देणार? त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. वर्गाच्या खिडक्या फाटकासमोर होत्या. शिंप्याने हात उंच करून एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. मधे पूर्ण अंगण होतं, त्याने काही बिघडलं नाही. पहिल्या खिडकीत एक डोकं आलं, मग तीन, मग सगळी. ती मुलं गजांतून हात काढून उत्तरं देऊ लागली. आतून कुणीतरी खिडक्या लावून घेतल्या. सोलापूरचा उन्हाळा आहे, वर पत्रे, दुपारी बारापर्यंत त्या उघडाव्याच लागल्या. शिंप्याने गोष्ट होती तिथून पुढे चालू केली.

तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी शिपाई नवा दाखला घेऊन फाटकाशी आला. आधीच्या तीन मागण्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. कंपोझिटरने कारणाचा रकाना वाचून आईला हातांनी सांगितला : 'पालकांची इच्छा.'

"आमची इच्छा?" तिने मला विचारलं. "आमची इच्छा तर पोरीनं शिकावं अशी हुती की."

तिने दाखला पदरात बांधला, मुलीचा हात धरला आणि महापालिकेच्या शाळेकडे चालू लागली, कारण नाव घालणारा कारकून बाराला उठायचा. कंपोझिटर त्यांच्या मागून गेला.

महापालिकेच्या शाळेने मुलीला पहिलीत घेतलं. सहा वर्षांच्या मुलांत आठ वर्षांची. तिथल्या बाईंना तिला कसं शिकवायचं ते माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं. अक्षरं कंपोझिटरने शिकवली, रोज पाळी संपल्यावर, तिच्या घरी. दिवाळीपर्यंत ती वाचू लागली. आधीच्या तीन वर्षांबद्दल त्या पहिल्या शाळेने कधीच काही कबूल केलं नाही.