गुलबक्षीवर पहारा

माझी पाच वर्षांची नात चिऊ हल्ली गुलबक्षीवर संशय घेते. मिरीसारखं काळं बी तिनेच रंगाच्या रिकाम्या डब्यात बोटाने खुपसलं, पाणीही तीच घालते, आणि झाड मात्र तिच्याशी लबाडी करतं. दुपारी कळ्या घट्ट मिटलेल्या असतात. संध्याकाळी ती दूध पिऊन येते, तर फुलं उमललेली! "आपण बघत नसलो की मगच उमलते ती," चिऊ म्हणते.

काल आम्ही पहाऱ्यालाच बसलो. माणसांबद्दल असला संशय मी जन्मभर बाळगला, फुलाबद्दल कधी सुचलाच नाही. पण खरंच, उमलणं कुणाच्या देखत का होत नसावं? कालपर्यंत बोबडं बोलणारी ही पोर संशय घ्यायला कधी शिकली, तेही मला दिसलं नव्हतंच.

बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायला लागले. "आबा, तू बघ हं," असं बजावून ती माझ्या मांडीवर झोपली. उठली तेव्हा फुलं उमलली होती.

"कशी उमलली, सांग."

मला सांगता येईना. तेवढा वेळ मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो.

चिऊने डोळे बारीक केले. "आबा, तू तिला सामील आहेस ना?"