परोदर्श

२०१६च्या हिवाळ्यात उधव्याच्या बाजारात एक कोंबडा सुरीखाली आरवला. जावयासाठी तो घेणारे डहाणूचे वृद्ध इराणी बागायतदार माझ्यापुढे उभे होते. त्यांचे नाव मला कळले नाही.

"थांब!" ते ओरडले. "आरवणारा कोंबडा आमच्यात कापत नाय."

"का, शेठ?" कोंबडीवालीने सुरी थांबवली.

"जुन्या इराणी भाषेत हा परोदर्श. परो म्हणजे आधी, दर्श म्हणजे आपलं दर्शन! पहाट सगळ्यांच्या आधी बघतो हा!"

दोन्ही हात उंचावून त्यांनी तो शब्द मलाही ऐकवला.

"मग जावयाला काय घालाल?"

"अंडी! जावई कुठे आरवतो?"

कोंबडीवाली खो खो हसली आणि तिने कोंबड्याचे पाय सोडले. कोंबडा काखेत घेऊन ते डहाणूच्या एसटीत चढले.