ब्याऐंशी टक्के चार्ज आणि गाडी ठप्प

आधी तो कप खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याच्या बायकोची बोलणी मी खाल्ली!

तर, आमच्या ताईच्या मुलीचा, शिवानीचा साखरपुडा होता. ताईचं गाव चाकूरजवळ, आम्ही नांदेडचे. नवरदेवाची अंगठी आणि कपडे मामानं आणायचे, असं ठरलेलं. मामा म्हणजे अस्मादिक! त्यात नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी घेतलेली. मिरवायला याहून चांगला मोका कुठला? अंगठी, कपडे, पेढे, सगळं डिकीत टाकलं आणि सुनंदाला, म्हणजे बायकोला घेऊन सकाळीच पोचलो.

पोचलो तर गावात लाइट नाही. मांडवातला स्पीकर मुका आणि दाजींचा चेहरा उतरलेला.

"दाजी, काळजी कशाला करून राहिले? आपली गाडी हाय ना! लई मोठी बॅटरी हाय. आठ दिवस गाणी वाजवा!"

चारी दारं उघडली आणि गाणी लावली, आवाज फुल्ल. एवढ्यावर थांबलो तर मी कसला! पाव्हण्यांचे मोबाईलसुद्धा मागून मागून चार्जिंगला लावले. गाडी मधूनच आपोआप बंद व्हायची, मी परत चालू करायचो. स्क्रीनवर लाल अक्षरांत काहीतरी यायचं, मी न वाचताच 'ओके' दाबायचो. कार्याच्या घरी वाचत कोण बसतं, तुम्हीच सांगा?

आणि गाणं अर्ध्यातच तुटलं. स्क्रीन काळी पडली.

"चार्जिंग संपलं वाटतं," दाजी म्हणाले.

"छ्या! आत्ता तर ब्याऐंशी टक्के होतं!"

तेवढ्यात ताई बाहेर आली. "बाळ्या, अंगठी दे बरं. नवरदेवाकडचे उदगीरचे पाव्हणे जवळ आलेत. विधीला बसलेले स्वामी म्हणून राहिले, मुहूर्त लई थोडा हाय."

मी ऐटीत डिकीचं बटन दाबलं. काही नाही. परत दाबलं. किल्ली दाखवली, डिकीला दोन बुक्क्या घातल्या. ढिम्म! ही डिकी विजेवर उघडणारी, बाहेरून किल्ली घालायला भोकच नाही.

नशिबानं लाइट आली. धावत जाऊन चार्जर जोडला. गाडीत साधा दिवासुद्धा लुकलुकला नाही. शिवानी खिडकीतून बघत होती. तिचे डोळे भरलेले. पोरीच्या साखरपुड्यात अंगठीच नाही, आणि कारण कोण? सख्खा मामा!

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तुमची छोटी बॅटरी उतरली आहे."

"बाई, ब्याऐंशी टक्के चार्ज हाय!"

"ते मोठ्या बॅटरीचं, सर. गाडीत आणखी एक छोटी बॅटरी असते."

"माझ्या गाडीत छोटं काहीच न्हाई!" मी गरजलो आणि फोन ठेवून दिला. नवी गाडी माझी, आणि या मला शिकवणार!

मग मला एक युक्ती सुचली. संकटात माझं डोकं फार चालतं, तिथंच तर घोटाळा होतो. मागची सीट पाडायची आणि आतूनच डिकीत शिरायचं! सीटचा एक भाग पाडला, हात पुढं घालून शिरलो. अंधारात चाचपडत अंगठीची डबी सापडली. "मिळाली, मिळाली!" म्हणून ओरडलो आणि मागं सरकायला लागलो.

सरकेना. पट्ट्याचं बक्कल सीटच्या आकड्यात अडकलेलं. हात आणि डोकं डिकीत, पोट मधल्या फटीत आणि पाय गाडीच्या दारातून बाहेर. डबी माझ्या हातात, पण मीच गाडीच्या ताब्यात!

नेमकी तेव्हाच बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. माणसं उतरली.

"हे कोण हो?" एक भारदस्त आवाज आला. नवरदेवाचे वडील, अप्पा!

दाजी जरा घुटमळले. "हे... मुलीचे मामा."

"हाव का? शरणार्थ, मामा!"

"शरणार्थ!" मी डिकीतूनच उलट नमस्कार केला. दुसरं काय म्हणणार? हात जोडायची सोय नव्हती.

दोघांनी माझे पाय धरून ओढलं. बूट हातात आले, मी नाही आलो. तेव्हा सुनंदानं फोन काढला, त्याच बाईंना लावला आणि स्पीकर चालू केला. मला आत सगळं ऐकू येत होतं. मोठी बॅटरी चाकं फिरवते म्हणे. दिवे, गाणी, डिकी, हे सगळं छोटीवर चालतं. गाडी नुसती गाण्यांपुरती चालू ठेवली तर छोटी उतरत जाते, आणि छोटी उतरली की मोठी जागीच होत नाही, चार्जरसुद्धा लागत नाही. "स्क्रीनवर सूचना आली असेल ना, मॅडम?"

"आली असंल की. 'ओके' म्हणले असतील आमचे मालक," सुनंदा म्हणाली.

अप्पांच्या जीपमध्ये जंपर केबल होती. बाई सांगत गेल्या तशी अप्पांनी बॉनेट उघडून छोटी बॅटरी जीपच्या बॅटरीशी जोडली. सुनंदानं बटन दाबलं. आत कुठंतरी 'टक्' झालं, आणि डिकी हळूहळू वर गेली.

अहाहा! तो उजेड काय सांगू! समोर अख्खं गाव, ताई, स्वामी, फोटोग्राफर. मी डबी पुढं धरून पालथा पडलेलो. पहिली हसली ती शिवानी, रडता रडता हसली. मग सगळा मांडव हसला, आणि माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. दाजींनी बक्कल सोडवलं, अप्पांनी मला हाताला धरून बाहेर ओढलं. मुहूर्त टळला नाही हो! अंगठी वेळेवर बोटात गेली.

जेवताना अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मामा, लग्नात पहिला मान तुमचा. फक्त येताना एसटीनं या."

मी पण खमक्या! लग्नाला खरोखर एसटीनं गेलो. सुनंदा तीच गाडी चालवत माझ्याआधी उदगीरला पोचलेली. मला घ्यायला स्टँडवर आली, काच खाली केली आणि सगळ्या प्रवाशांदेखत विचारलं, "पुढं बसता, का डिकी उघडू?"