आत्याचा लांबलेला कोलू

तंजावूरहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसला निघत होते. आत्या गेली, म्हणाला. सकाळी अंघोळ झाली, कॉफी झाली, फुलवाली मोगरा हातानं मोजते आणि तिचा हात आखूड आहे यावरून यथेच्छ भांडण झालं, आणि ते जिंकून ती झोपाळ्यावर येऊन बसली ती बसलीच... ऐकून रडू आलं आणि त्यातच हसूही. भांडण अर्धवट टाकून गेली असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

आमचं घर मराठी राजांच्या काळापासून तंजावूरचं. घरात मराठी, दारात तमिळ. आत्यानं लग्न केलं नाही; शाळेत शिवण शिकवून ती निवृत्त झाली आणि सगळ्या गल्लीची आत्या झाली. नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. संध्याकाळी बायकामुली बघायला येतात, गाणं म्हणतात आणि त्यांच्या हातावर सुंडल ठेवतात, म्हणजे नारळ घातलेली चण्याची उसळ. दसऱ्याच्या रात्री एक बाहुली आडवी निजवली की कोलू संपला. हे सांगायचं कारण, एका वर्षी आत्यानं ती बाहुली निजवलीच नाही.

समोर सेल्वी राहायची, कयल आणि मुल्लै या मुलींना घेऊन. तिचा नवरा मुरुगेसन मलेशियात बांधकामावर होता. एजंटानं त्याला पर्यटक म्हणून पाठवलं होतं, परमिट मागाहून मिळेल असं सांगून. ते कधी मिळालंच नाही. मजुरांच्या खोल्यांवर धाड पडली, तो धरला गेला आणि घरी पैसे यायचे थांबले. सेल्वी फुलं ओवायला लागली, पण एकटीच्या हातानं किती ओवून होणार? मुली शाळेतून आल्या की पाणी पिऊन अभ्यासाला बसायच्या. आत्या डबा पाठवायची, तर सेल्वीनं तोही बंद केला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि तिच्याकडे भांड्यात घालायला काही उरलं नव्हतं. त्यात तिनं ठरवलं, की दिवाळीनंतर नववीतल्या कयलला तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात पाठवायचं. दलाल बोलणी करूनही गेला.

आत्यानं उपदेश केला नाही. त्या नवरात्रात कोलूचा दिवा तिनं रोज कयलच्या हातून लावला. दसऱ्याला सेल्वीला बोलावून सांगितलं, की घरचा माणूस परदेशी अडकलेला असताना मुलीनं दिवा लावला, तर तो परत येईपर्यंत बाहुल्या निजवायच्या नाहीत आणि दिव्याचा हात बदलायचा नाही. सेल्वी घाबरून हो म्हणाली; कयलचं तिरुप्पूर राहिलं. मी सुट्टीवर आले होते. आत्याला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, हे कुठल्या शास्त्रात आहे?

"अत्तांच केलें," ती म्हणाली. "नारळ खव."

मग काय विचारता! दिवाळी झाली, पोंगल झाला, कोलू आपला दिवाणखाना अडवून उभा. भाऊ कुरकुरायचा, त्याला टीव्ही दारातून वाकून बघावा लागे. तिसऱ्या पायरीवर मांजर झोपायचं. तिरुवैयारूचे नातेवाईक जानेवारीत आले आणि बाहुल्या बघून चपला काढायला विसरले. आत्यानं त्यांनाही गाणं म्हणायला लावलं. कोलूचं सुंडल कुणी नाकारत नाही आणि त्याचं भांडंही भरून परत करायचं नसतं, हे तिनं बरोबर हेरलं होतं. मूठभर चण्यांच्या जोडीला लिंबूभात आला, मग दहीभात, मग सांबार... देवीला हल्ली भूक फार लागते, असं ती गंभीर चेहऱ्यानं सांगायची. सेल्वीला कळत नव्हतं थोडंच? एकदा डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "आत्तै, तुमच्या देवीची भूक माझ्या मुलींएवढीच आहे." आत्यानं तिलाही पान वाढलं.

मुरुगेसन उन्हाळ्यात आला. शिक्षा भोगून परत पाठवलेला, हातात एक पिशवी. लाजून गल्लीच्या तोंडाशीच थांबला होता. आत्यानं त्याला हाताला धरून आणलं आणि पहिलं पान त्याचं मांडलं. मग कयलला बाहुली निजवायला सांगितलं, तर धाकट्या मुल्लैनं भोकाड पसरलं. अप्पा आला म्हणून बाहुल्यांनी का जायचं? सगळे पोट धरून हसले. मुरुगेसन तेवढा मान खाली घालून जेवत होता, आणि डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं. आता तो गावातच फरशी बसवायची कामं करतो. चार दिवस काम असतं, चार दिवस नसतं. कयल कॉलेजात जाते.

यंदा आमच्या घरी दुखवट्याचं वर्ष, म्हणून कोलू नाही. सेल्वी विचारून बाहुल्यांची ट्रंक घेऊन गेली. तिच्या एका खोलीत पायऱ्या मांडल्यावर माणसांनी झोपायचं कुठे, हे तिलाच ठाऊक. परवा मी कयलला फोन केला. ती माझ्याशी आत्याच्या मराठीत बोलते. आमच्या घरच्या पोरांना ती नुसती समजते. दिवाळीही होऊन गेली होती, तेव्हा ट्रंक परत दिलीस का, असं मी सहज विचारलं.

"नाहीं अक्का, बाहुल्या उभ्याच आहेत. कोपऱ्यावरच्या घरचा माणूस कुवेतांत धरला गेला. त्याचीं पोरें रोज येतात."

किती पोरं, असं मी विचारायला गेले.

"फोन ठेवतें," ती म्हणाली. "चणे शिजले."