तिच्या डोक्यावर हात ठेवून

त्या जूनमध्ये मी घरातला कुकर बंद केला होता. डाळ उघड्या पातेल्यात शिजवायचे, तास तास ढवळत. नवरा नुकताच बोटीवरून रजेवर आलेला. तो मरीन इंजिनिअर, सहा-सहा महिने पाण्यावर, आणि घरची आमटी म्हणजे त्याचा जीव की प्राण. रोज जेवताना विचारायचा, डाळ अशी कचवट का लागतेय, कुकर बिघडलाय का, मी उघडून बघू का. मी म्हटलं, शिट्टी हरवलीय. ती माझ्या साड्यांच्या कप्प्यात, पैठणीच्या घडीत होती.

खरं कारण आतल्या खोलीत भरदुपारी पडदे ओढून पडलेलं होतं. आमची एकुलती एक मुलगी, एकवीस वर्षांची, अमेरिकेतल्या कॉलेजातून सुट्टीला आमच्या घरी, सेंगकांगला आलेली. ती आली त्याच आठवड्यात मी कुकर लावला आणि पहिल्या शिट्टीला तिनं दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. कान नाही, डोकं. मी गॅस बंद केला आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, काही नाही आई, जेट लॅग आहे. जेट लॅग म्हणे. मी काय काल जन्मले होते?

आमची पोर आइस हॉकी खेळायची. हे सांगितलं की इथल्या मराठी मंडळातल्या बायका आधी हसायच्या. बारा महिने घामाच्या धारा लागणाऱ्या या गावात बर्फावरची हॉकी! पण इथल्या एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर बर्फाचं एक रिंक होतं, आणि आठ वर्षांची असताना ती तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाला गेली. बाकीची मुलं कठडा धरून रडत होती आणि ही मधोमध. मी तिला कथकला घातलं होतं. तिथे गुरुजींनी हात टेकले होते, या मुलीचा पाय समेवर पडेना. बर्फावर तोच पाय बरोबर पडला. पंधराव्या वर्षी ती हॉकीसाठी अमेरिकेतल्या शाळेत गेली, मग तिथल्याच कॉलेजात. मी नको नको म्हणत राहिले आणि बापलेकींनी बॅगा भरल्या.

मुलींच्या खेळात अंगावर जाऊन पाडायला परवानगी नसते, हे नवऱ्यानं मला शंभरदा समजावलं होतं. परवानगी नाही हे बर्फाला कोण सांगणार? कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ती डोक्यावर आपटली. तिथल्या डॉक्टरांनी तिला बरेच महिने बाहेर बसवलं. ती कागदोपत्री नोंदलेली गोष्ट, सगळ्यांना माहीत असलेली.

दुसऱ्या वेळची गोष्ट फक्त मला माहीत होती.

आदल्या डिसेंबरमध्ये ती घरी होती. नवरा बोटीवर, कुठेतरी ब्राझीलच्या बाजूला. ती मॉलमधल्या त्या जुन्या रिंकवर मैत्रिणींबरोबर सहज खेळायला गेली आणि मी नेहमीप्रमाणे स्वेटर घालून बाकावर बसले. कुणाचा तरी पाय तिच्या पायात आला. ती मागच्या मागे गेली आणि हेल्मेट कठड्यावर आपटलं. तो आवाज मला अजून येतो. ती उठली, हसली, मला अंगठा दाखवला. टॅक्सीत तिला उलटी झाली, लिटिल इंडियातून घेतलेली मेथी मी मांडीवर काढली आणि पिशवी तिच्यापुढे धरली. घरी आल्यावर तिनं विचारलं, आई, मीठ कुठे ठेवतेस? मी दाखवलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. त्या ओट्यावर मीठ ती चालायला लागल्यापासून एकाच जागी आहे.

मी म्हटलं, चल क्लिनिकमध्ये, आणि बाबांना मेल टाकते. तशी ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली आणि मला सगळं समजावून सांगितलं. अमेरिकेत बायकांची आइस हॉकीची नवी व्यावसायिक लीग सुरू होणार होती. उन्हाळ्यात त्या लीगचा ड्राफ्ट होता. म्हणजे काय, तर लीगमधले संघ आळीपाळीनं कॉलेजातल्या मुलींची नावं घेणार, ज्या संघानं नाव घेतलं त्यांची ती मुलगी, शिक्षण संपलं की त्यांच्याकडे खेळायचं. क्लिनिकचा कागद झाला की तो कॉलेजला जाणार, आणि दोनदा डोकं आपटलेल्या मुलीचं नाव कोण घेणार? तेरा वर्षं मी याच्यासाठी पडतेय आणि उठतेय, असं म्हणाली. मग माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला.

“शपथ घे आई. बाबांना नाही, कुणालाच नाही.”

माझ्या तळव्याखाली लिंबाएवढं टेंगूळ होतं. गरम.

आमच्या घरी शपथा लहानपणापासून उठसूट घेतल्या जायच्या, विद्येच्या, देवाच्या, अन्नाच्या. त्या मोडल्या तरी कुणाचं काही अडत नसे. पण पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडायची नाही, ती त्या पोरालाच लागते, असं माझ्या आईनं मला सांगितलेलं. आणि मी शहाणीनं ते हिला शिकवलं होतं. लहानपणी गृहपाठावरून खोटं बोलली की मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवायचे, घे शपथ, म्हणायचे. तिला लगेच रडू फुटायचं आणि खरं बाहेर यायचं. इथे वाढलेली, वाक्यागणिक इथलं ‘लाह’ लावणारी माझी मुलगी, तिला माझं मराठी अर्धं कळायचं नाही. हे मात्र पक्कं कळलं होतं. मी शपथ घेतली. मूर्खासारखी घेतली, आणि सहा महिने मिठाची गुळणी धरून बसले.

जूनमध्ये ती आली तेव्हा मला वाटलं होतं, बरी झाली असेल. मग पडदे आले. एलआरटीच्या गाडीत काळा चष्मा, ढगाळ दिवशीसुद्धा. आज कुठला वार, हे सकाळी विचारायचं आणि चहाच्या वेळी परत. नवऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला रजा मिळाली होती, मुलगी घरी होती, आणि ड्राफ्ट आठवड्यावर आला होता. मराठी मंडळात त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं. लोक विचारायचे, क्रिकेटसारखा लिलाव असतो का, हातोडा पडतो का. तो खुशीनं समजावत बसायचा आणि मी तिथून उठून जायचे.

मी देव पाण्यात ठेवले. माहेरी तशी रीत होती, काही अडलं असलं की देव्हाऱ्यातले देव पाण्यात घालायचे आणि काम होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. आमचा देव्हारा म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक खण. त्यातला गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मी स्टीलच्या डब्यात पाणी घालून बुडवले. नवऱ्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. तो म्हणाला, बघ, तोंडानं नको नको म्हणतेस आणि पोटात माया आहे. तिचं नाव कुणीही घेऊ नये, हे मी मागितलं होतं.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी एका संघाच्या व्यवस्थापक बाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाई चांगल्या होत्या, हसून बोलत होत्या. घरच्यांनाही बोलवा म्हणाल्या, म्हणून आम्ही तिघं सोफ्यावर दाटीनं बसलो. खेळाचं, अभ्यासाचं विचारून झालं आणि मग त्यांनी विचारलं, तिच्या तब्येतीबद्दल आम्हाला माहीत असावं असं काही आहे का? नवऱ्यानं पहिल्या वर्षीच्या अपघाताचं सांगितलं, तुमच्याकडे कागद आहेतच म्हणाला, त्यानंतर काही नाही, वाघीण आहे आमची. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, आणि आई, तुमचं काय मत?

मुलगी माझ्या शेजारी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नुसता स्वतःच्या केसांतून हात फिरवला, मागे, नेमका त्या जागी.

मी म्हटलं, नो, नथिंग.

बाईंनी मान डोलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. सहा महिने मी नुसती गप्प होते, आता मी खोटं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी, तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, पेन्सिल आणि कागद घेऊन लॅपटॉपसमोर बसला होता. मुलगी काळा चष्मा लावून त्याच्या शेजारी. त्यानं चष्म्यावरून तिची थट्टा केली, आत्तापासूनच स्टार झालीस म्हणाला. मी शिरा ढवळत होते आणि अर्धा कान तिकडे. पडद्यावर एकेक नाव यायचं, नवरा कागदावर खूण करायचा. पहिली फेरी झाली, तिचं नाव नाही. दुसरी झाली, नाही. त्याचा चेहरा उतरत चालला होता आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटत होतं. मी शिऱ्यात वेलची घातली. तिसऱ्या फेरीतही नाही. मुलीनं टेबलाची कड धरून ठेवली होती. मी मनात म्हणत होते, आता संपवा, आता थोडंच राहिलं.

चौथ्या फेरीत तिचं नाव आलं, त्याच बाईंच्या संघाकडून.

नवऱ्यानं खुर्ची मागे पाडली. तिला कवटाळलं, मला हाका मारल्या, आणि मग थेट स्वयंपाकघरात येऊन त्यानं पाण्यात हात घातला. एकेक देव बाहेर काढला, नव्या नॅपकिननं पुसला, खणात ठेवला. इंजिनचा सुटा भाग पुसावा तशी कानाकोपऱ्यातून बोट फिरवून गणपती पुसत होता. म्हणाला, ऐकलं बघ तुझं. मी शिऱ्याचा चमचा हातात धरून उभी होते.

मग मुलगी नमस्काराला आली. आधी बापाला वाकली, मग मला. मी सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. टेंगूळ कधीच गेलं होतं. पण ती वाकली ती लवकर वर येईना. वर आली तेव्हा तिचा हात भिंत शोधत होता, पहिल्यांदा भिंत सापडली नाही, दुसऱ्यांदा सापडली. मग ती हसली आणि म्हणाली, आई, आज कुठला वार गं?

नवरा म्हणाला, बघा, आनंदानं वार विसरली.

“आनंदानं नाही,” मी म्हटलं. “डिसेंबरमध्ये ही पडली. परत डोक्यावर. मी तिथे बसले होते.”

मुलीनं चष्मा काढला. एरवी चिडली की ती इंग्रजीत बोलायची, भराभर. तेव्हा हळू बोलली, आणि मराठीत.

“माझ्या डोक्याची शपथ होती, आई.”

नवरा ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. हा माणूस इंजिन रूममध्ये तेलाचा एक थेंब गळला तरी वहीत लिहिणारा. त्यानं शिऱ्याखालचा गॅस बंद केला, लॅपटॉप मिटला आणि मला एवढंच विचारलं, सहा महिने? मी मान हलवली. त्या दिवशी त्यानं स्वतः त्या बाईंना मेल लिहिला. मुलगी दार लावून बसली आणि शिरा तसाच कढईत राहिला.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिला खेळ बंद करायला सांगितलं, कायमचा. ती भांडली त्यांच्याशी, निदान एक वर्ष खेळू द्या म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा आपटलं तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, आणि आम्ही तिघांनीही ते करायला लावलं नाही.

इंटरनेटवर ते पान अजून आहे. चौथ्या फेरीत, संघाच्या नावासमोर, तिचं नाव. त्या संघाचा शर्ट तिनं कधी घातला नाही. आता ती तांजोंग पगारला एका ऑफिसात काम करते, वेगळी राहते, रविवारी जेवायला येते. माझ्याशी नीट बोलते, भाजीची चौकशी करते, कुकर लावला तरी चालतो. वार विसरत नाही. डोकं अजून दुखतं अधूनमधून, असं मला नवऱ्याकडून कळतं, तिच्याकडून नाही.

दिवाळीला, पाडव्याला नमस्कार करते. बापापुढे वाकली की तो तिच्या डोक्यावर थापट्या मारतो, ती मारून घेते. माझ्यापुढे वाकते तेव्हा माझा हात वर यायच्या आतच मनगट धरते. अगदी हळू, कुणाच्या लक्षातही येऊ नये असं. आणि माझा हात आपल्या खांद्यावर ठेवते. मी तिथूनच आशीर्वाद देते, औक्षवंत हो म्हणते, आणि मोडलेली शपथ किती वर्षं लागत राहते हे कपाटातल्या त्या देवांना मनातल्या मनात विचारत राहते.