मुरब्याची वहिनी

आमच्या दांडी गावात बोंबील वाळत घालण्यात मुरब्याच्या वहिनीचा हात धरणारी बाई नव्हती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी वलांडीच्या, मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. वहिनी हे बोलता बोलता, खाली न पाहता करायची. दादाशी लग्न होऊन मुरबे गावाहून आली तेव्हा आई शेजारणीला म्हणाली होती, "पोरगी तोंडाची फटकळ हाय, पण हात बघ तिचे."

फटकळ होतीच. मी तेव्हा तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होतो. इस्त्रीचा शर्ट घालून निघालो की भर अंगणात विचारायची, "भावजी, बोल्ट मोजायला चाललात का पोरगी बघायला?"

दुसऱ्या वर्षी तिच्या हातून जोड्या सुटू लागल्या. दोरीपर्यंत पोचण्याआधीच बोंबील वाळूत पडायचे. कधी ती एकाचा जबडा दुसऱ्याच्या शेपटीला लावू बघायची आणि मधेच थांबून स्वतःच्या हातांकडे पाहत राहायची. आईला वाटलं, मुद्दाम करते. दादाला वाटलं, कोणाची दृष्ट लागली. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. स्टोअरमध्ये माल जुळला नाही तर कुठेतरी चूक असते आणि शोधली की सापडते. इथे हात धड होते, डोळे धड होते, तरी काहीतरी जुळत नव्हतं.

मग तिला आमची तोंडं कळेनाशी झाली. आई हसली की विचारायची, "रागावलीस काय, आय?" आणि आई खरोखर रागावली की निवांत बसून राहायची. एकदा मी कालवण छान झालंय म्हणालो, तर ताट उचलून आत गेली आणि दादाला म्हणाली, "भावजी माझ्यावर खेकसले." चुलीपुढे बसलेली असली तरी कालवण करपल्याचा वास तिला येत नसे. मधूनच भिंतीकडे मान वळवून "हो, ऐकते" म्हणायची. कोणाला, ते आम्ही कोणीच विचारलं नाही.

भगताने दोरा बांधला, त्याने काही झालं नाही. शेवटी आईने मुरब्याला निरोप धाडला, "तुमची पोरगी घेऊन जा." वहिनीने तो ऐकला. तिने दादाला एवढंच विचारलं, "मी काय केलं, ते तरी सांगा."

तिचे वडील येण्याआधी दादाने बोटीला सुट्टी दिली आणि तिला बोईसरला, मुंबईहून येणाऱ्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होतो. आईही आली, सुनेचं ढोंग उघडं पडलेलं बघायला. डॉक्टरांनी वहिनीला टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग पंजा टेकवायला सांगितलं. तेवढा क्रम तिला जमेना. मग डोळे मिटायला लावून तळहातावर एक वस्तू ठेवली. वहिनीने ती बराच वेळ चाचपली.

"फणी," ती म्हणाली.

"चावी गं, चावी सांग," आई शेजारून कुजबुजली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं तसा तिने पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं. आजार सुरुवातीचा आहे, म्हणाले. हाताला लागलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं मेंदूत नीट जुळत नाही, काही जणांत असं आधीपासून दिसतं. गोळ्यांनी भिंतीतले आवाज कमी होतील, हातांचं मात्र सांगता येणार नाही. पुढे तसंच झालं.

वडील आले तेव्हा आई त्यांना म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिला. जोड्या मी लावीन, ती नुसत्या टाकील." पण वहिनीनेच पिशवी भरली होती. "हितं मला सगळे रागावलेले दिसतात," ती म्हणाली. "मुरब्याला माझी आय हाय. तिचं तोंड मला अजून कळतं." निघताना माझ्या शर्टाकडे तिने पाहिलं, पण बोलली काही नाही.

आठवड्याभरात दादानेही कपडे बांधले. आमची बोट त्याच्यावर चालायची. आई दारात आडवी आली.

"सासऱ्याच्या बोटीवर जाशील? गाव तुला घरजावई म्हणंल."

"म्हणू दे," दादा म्हणाला. "माझं तोंड तिला कळत नाय. रोज समोर दिसलं नाय, तर कळणार कसं?"

तो गेला तो परत आला नाही. त्याच्या नसण्याने बोट विकावी लागली. आई कितीतरी दिवस वलांडीखाली नुसती बसून असायची. एकदा मला म्हणाली, "मी सुनेला जा म्हटलं, तवा ती आजारी होती हे मला ठाऊक नव्हतं. आणि ऱ्हा म्हटलं, तवा ती गेली. पोरगा बायकोपाठी गेला, त्यात त्याचं काय चुकलं? मग आता मी रागावू कोणावर?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती रागावली होती की रडणार होती, मलाही कळलं नाही.