बाबांचा डावा मोजा

उत्तर न मिळणारी प्रार्थना किती दिवस करायची, असा प्रश्न मला त्या आठवड्यात पडला होता. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, रोज संध्याकाळी ताप भरायचा. शुगर जुनीच, पण तीही एकदम वर गेलेली. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, ताप कशाचा ते काही कळेना. डॉक्टरांनी विचारलं, कुठं जखम वगैरे? बाबा ठसक्यात म्हणाले, "मले काही नाही झालं." प्रतापनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता मी म्हणायची, प्रभू, ऐकतोयस ना? खरं सांगायचं तर ऐकत नाही, असंच वाटत होतं.

बाबा ताठ माणूस. आमच्या घरात माणसाच्या पाया पडायची पद्धत नाही. नमन फक्त देवाला. नवी नवरी असताना शेजारच्या सुनांचं पाहून मी एकदा वाकले, तर ते दोन पावलं मागे सरकले होते. त्यानंतर त्यांच्या पायांशी माझा काही संबंध आला नाही. त्यात माणूस नीटनेटका हवा म्हणून नागपूरच्या एप्रिलमध्येही पायात काळे मोजे. तापामुळे अंघोळसुद्धा बसल्या जागी अंग पुसण्यावर आली होती, आणि तेही ते स्वतःच करायचे.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याची उपासना असते. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. दरवर्षी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, बारा जणांचे पाय धुतात, आणि ते बारा जण घरूनच पाय घासूनपुसून, वर पावडर लावून येतात. पाळकांच्या हातात मळके पाय कसे द्यायचे! यंदा पाळकसाहेबांची कंबर धरली. त्यांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या घरच्या माणसाचे पाय धुवावेत, टब आणि टॉवेल घरून आणावा. माझा नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात, त्याची दुपारपाळी. उरलो मी आणि बाबा. मला तर धडकीच भरली. ताप आहे, घरीच थांबा, असं सुचवून पाहिलं. "काहून? या दिवशी मी कधी घरी राहिलो का?" म्हणाले, आणि काठी घेऊन निघालेसुद्धा.

चर्चमध्ये मी टब ठेवून गुडघ्यांवर बसले, तसे बाबांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. "राहू दे वं. माह्या पायाले हात नको लावू." आजूबाजूची माणसं बघायला लागली. मला लाज वाटली, रागही आला. इतकी वर्षं यांचं सगळं करते आणि आज चारचौघांत ही शोभा? टब उचलून चालतं व्हावं, असं फार वाटलं. पण उठले नाही. कसं सुचलं देव जाणे, हळूच म्हटलं, "बाबा, पेत्रही नाहीच म्हणत होता." प्रभू पाय धुवायला आला तेव्हा पेत्र नावाचा शिष्य आधी धुऊच देईना, ही गोष्ट बाबांनी संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षं मुलांना शिकवलेली. त्यांना हसू फुटलं. उजवा पाय पुढे आला, मग डावा.

डावा मोजा निघेना. पाणी ओतून ओतून सोडवला, तर तळव्यात काचेचा तुकडा रुतलेला, भोवती सगळं काळंनिळं, पू झालेला. बाबा वरून विचारत होते, "काय झालं वं?" त्यांना काही जाणवतच नव्हतं. शुगरनं पाय बधिर केले होते, आणि वाकून तळवा पाहणं त्यांना होत नव्हतं.

पाय टॉवेलात गुंडाळून ऑटोनं तडक दवाखाना गाठला. काच निघाली, जखम साफ झाली, आणि डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता. मी बाहेरच्या बाकावर बसून मनसोक्त रडले. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं. ताप दोन दिवसांत गेला.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही. पाळकसाहेबांची कंबर धरली नसती तर पावडर लावलेले तेच बारा जण बसले असते आणि बाबा मागच्या बाकावर मोजे घालून गाणी म्हणत राहिले असते. मी तापाचं कारण वर आभाळाकडे तोंड करून विचारत होते, आणि ते माझ्याच घरात, जमिनीपाशी होतं. सेवा म्हणजे आपण कुणासाठी काहीतरी मोठं करणं, असं मी समजत होते. त्या दिवशी मी फक्त उठून गेले नाही, एवढंच माझं. बाकीचं त्यानं केलं.

आता रोज संध्याकाळी बाबा आपणहून पाय स्टुलावर ठेवतात. "पाहून घे वं, बोटाईच्या मधातही पाहा." आणि दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या व्हरांड्यात संडे स्कूलची बुटकी खुर्ची मांडून बसतात. शुगरवाल्या म्हाताऱ्यांना एकेक करून बोलावतात, त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतात. टॉर्च मी धरते. "काढ गा मोजा, पाहू दे मले." कुणी ना कुणी संकोचून पाय मागे घेतोच. बाबा त्याच्याकडे वर बघून मिश्किल हसतात. "पेत्रही नाहीच म्हणत होता."

मोजा निघतो. मी टॉर्च लावते आणि मनात म्हणते, ऐकलंस रे प्रभू.